‘पेशंट ऐकत नाही’: समाजकार्य नेमकं करतात तरी कसं?

पुण्यात समाजसेवक बघायचा असेल तर कुठल्याही चौकात मान वर करा. फ्लेक्सवर असतो. पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाइल, खाली पंचवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो आणि नावाआधी बिनदिक्कत ‘समाजसेवक’. त्यामुळे मी समाजकार्य करते असं म्हटलं की समोरून दोनपैकी एक प्रश्न येतो. ‘कुठल्या पक्षात?’ नाहीतर, ‘मग पगार कोण देतं?’

पगार रुग्णालय देतं. एका धर्मादाय रुग्णालयात मी वैद्यकीय समाजकार्यकर्ती आहे. सरकारी रुग्णालयात याच कामाच्या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक’ असं भारदस्त नाव आहे. त्यासाठी दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावं लागतं, आणि त्यातले आठवड्याचे साधारण दोन दिवस वर्गाबाहेर जातात. त्याला फील्डवर्क म्हणतात. दरवर्षी माझ्याकडे फील्डवर्कसाठी एखाददुसरी मुलगी, कधी मुलगा येतो. मुलं भली असतात आणि पहिल्या महिन्यात भलेपणानंच घोटाळे करतात. त्यातल्याच एका घोटाळ्याला धरून हा विषय सांगते. तपशील बदललेत, दोन-तीन पेशंट मिळून एक केलाय. का, ते पुढे येईलच.

साठीच्या आसपासच्या एक मावशी. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मधुमेह, आणि उजव्या पायाला चिघळलेली जखम. शिरेतून अँटिबायोटिक, रोज ड्रेसिंग, साखर ताब्यात येईपर्यंत इन्सुलिन, असा दहा-बारा दिवसांचा मुक्काम. त्या दोन वेळा मधेच निघून गेल्या. याला आमच्याकडे ‘डामा’ म्हणतात: डॉक्टरांचा सल्ला न मानता, स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेला डिस्चार्ज. कागदावर अंगठा आणि बाहेर रिक्षा. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दोन बोटं काळी पडायला लागली होती. रजिस्ट्रारनं, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरनं, आमच्या विभागाकडे चिठ्ठी पाठवली: ‘पेशंट ऐकत नाही. समुपदेशन करावे.’

मी माझ्या विद्यार्थिनीला पाठवलं. अर्ध्या तासात ती तोडगाच घेऊन आली.

‘मॅडम, मावशींचा बारा वर्षांचा नातू आहे. मुलगा वारला, सून दुसरं लग्न करून गेली. नातू घरी एकटा असतो म्हणून त्या पळून जातात. त्याला बालगृहात ठेवू या, म्हणजे त्या निवांत उपचार घेतील.’

‘मावशींना विचारलंस?’

‘त्या काय नाही म्हणणार मॅडम, त्यांच्या भल्याचंच आहे.’

हे शेवटचं वाक्य मीही एके काळी म्हटलेलं आहे. समाजकार्याचं शिक्षण म्हणजे मुख्यतः हे वाक्य जिभेवरून पुसून टाकण्याची खटपट, असं माझं मत झालंय.

लायक गरीब, नालायक गरीब

मदत तर माणसं पूर्वापार करत आलीत. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटली जायची, ती विद्वान ब्राह्मणांना. देणारा ठरवणार की घेणारा लायक आहे की नाही. इंग्लंडमध्ये १६०१ चा गरिबांचा कायदा आला, त्यानं जबाबदारी स्थानिक पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीवर, टाकली, आणि वाटणीही केली: म्हातारे, आजारी, अपंग यांना मदत, धडधाकटांना मात्र काम. १८३४ मध्ये त्या कायद्याला आणखी धार आली. सरकारी मदतीवर जगणाऱ्याची अवस्था सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, म्हणजे कुणी सुखासुखी मदत मागायला येणार नाही, असं तत्त्वच ठरलं. हे फार जुनं वाटत असेल तर कुठल्याही सरकारी खिडकीसमोरच्या रांगेत अर्धा तास उभं राहून बघा. ‘फुकटचं पाहिजे ना, मग थांबा की’ हे वाक्य तिथे अजून ऐकू येतं. आणि ‘यांना पैसे दिले की दारूत घालवतात’ हे तर पेठेतल्या ओट्यापासून बाणेरच्या सोसायटीपर्यंत सगळीकडे.

१८६९ मध्ये लंडनमध्ये ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ निघाली. तिचा मूळ हेतू काहीसा कंजूषपणाचाच होता: एकच माणूस चार संस्थांकडून मदत घेतो, दानाचा नुसता गोंधळ चाललाय, तेव्हा आधी घरी जाऊन चौकशी करा, मग द्या. पण चौकशीला घरोघरी जाणाऱ्या बायकांना तिथे वेगळंच दिसायला लागलं. आळशी समजलेल्या माणसाला क्षय होता, उधळ्या समजलेल्या बाईच्या डोक्यावर कर्ज होतं. होम व्हिजिट आणि केसची फाइल या आमच्या दोन्ही सवयी तिथून आल्या. अमेरिकेत अशाच संस्थेत काम करणाऱ्या मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. सोप्या शब्दांत सांगायचं तर, डॉक्टर जसा आधी तपासतो आणि मग औषध देतो, तसं आपणही आधी पुरावा गोळा करावा. कोण काय म्हणालं, कुणी प्रत्यक्ष पाहिलं, कशावरून. अंदाजावर मदत करू नये.

त्याच काळात दुसरी एक धारा सुरू होती. १८८४ मध्ये लंडनला टॉयन्बी हॉल आणि १८८९ मध्ये शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांचं हल हाउस. हे लोक गरीब वस्तीतच राहायला गेले. त्यांचं म्हणणं असं की एकेका कुटुंबाची चौकशी करत बसाल तर गटार, भाडं, कारखान्यातले तास, पोरांची मजुरी यांकडे कोण बघणार? माणूस बदलायचा की परिस्थिती, हा वाद तेव्हापासून आहे. चांगला कार्यकर्ता दोन्हीकडे बघतो असं आम्हाला शिकवलं जातं. प्रत्यक्षात ज्याच्या हातात जे असतं त्याकडे तो बघतो. माझ्या हातात वॉर्ड आहे.

आपल्याकडे प्रशिक्षण सुरू झालं १९३६ मध्ये, मुंबईत. सर दोराबजी टाटा यांच्या नावानं निघालेली ती शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. पण पुण्यात बसून हा इतिहास फक्त लंडन-शिकागोचा सांगणं मला पटत नाही, कारण यातलं एक फार मोठं पान गंज पेठेतलं आहे.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तरुण विधवा फसवली जायची, दिवस जायचे, आणि पुढे तिच्यासमोर जीव देणं किंवा मूल मारणं याखेरीज वाट नसायची. फुल्यांनी त्याबद्दल शहरात पत्रकं लावली. त्यांचा आशय असा: इथे या, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या खुशीवर.

आता यात काय काय आहे ते बघा. गुप्तपणे: म्हणजे तुमचं नाव बाहेर जाणार नाही. या: म्हणजे कसं झालं, कुणाचं आहे, ही उलटतपासणी नाही. तुमच्या खुशीवर: म्हणजे निर्णय तुमचा, आमचा नाही. बरोबर ९४ वर्षांनी, १९५७ मध्ये, फेलिक्स बीस्टेक नावाच्या अमेरिकन जेझुइट पाद्र्यानं मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्या नात्याची सात तत्त्वं मांडली. आज जगभर पहिल्या वर्षाला तीच शिकवतात. त्यातली तीन आमच्या गंज पेठेच्या पत्रकात चक्क शब्दांत आहेत. मी ती पोरांना बीस्टेकच्या आधी फुल्यांकडून शिकवते. परीक्षेत मात्र बीस्टेकच लिहावं लागतं.

तारखा बघ

पुन्हा आमच्या मावशींकडे. विद्यार्थिनीला म्हटलं, बालगृह राहू दे बाजूला. २०१५ च्या बालन्याय कायद्यातच लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आधी फाइल काढ आणि दोन्ही डामाच्या तारखा बघ.

दोन्ही वेळा नऊ तारीख होती. महिने वेगळे.

रिचमंडबाई जिला सामाजिक निदान म्हणतात त्याची सुरुवात अशी होते. त्यात फार थोर काही नाही, पण रजिस्ट्रार, सिस्टर, आहारतज्ज्ञ, माझी विद्यार्थिनी आणि पहिल्या दोन वेळी मीसुद्धा, कुणीही तारखा पाहिल्या नव्हत्या. ‘ऐकत नाही’ असं एकदा फाइलवर आलं की पुढचा प्रत्येक जण तेच वाचून आत जातो. याला आम्ही शिक्का म्हणतो. स्वीकार आणि दोषारोप न करणं ही दोन तत्त्वं या शिक्क्यासाठीच आहेत. स्वीकार म्हणजे माणसाचं सगळं वागणं पसंत करणं नव्हे. इन्सुलिन सोडून जाणं घातकच होतं. स्वीकार म्हणजे इतकंच, की या वागण्याला त्या माणसाच्या जागेवरून काहीतरी अर्थ असणार असं धरून चालणं आणि तो शोधणं.

दुपारी दोघी पलंगाजवळ गेलो. मी स्टूल ओढून बसले. उभं राहून विचारलं की पेशंट ‘होय’ म्हणतो, बसून विचारलं की बोलतो, हा माझा अनुभव.

‘मावशी, दहा तारखेला काय असतं?’

त्यांनी शेजारच्या पलंगाकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, ‘भिशी असती.’

वस्तीतल्या बारा बायकांची भिशी, दरमहा हजार रुपयांची. पगार सात तारखेपर्यंत होतात, दहाला चिठ्ठी निघते, जिची चिठ्ठी तिला बारा हजार. भिशी मावशी चालवतात, म्हणून रिवाजाप्रमाणे पहिला नंबर त्यांचा. त्यातून त्यांनी घराचे पत्रे बदलून घेतलेले. म्हणजे आता दर महिन्याला हजार भरणं आणि बाकीच्यांचे गोळा करणं त्यांच्याकडे. दहाला त्या नसल्या तर? ‘लोक म्हणतील पैसं खाल्लं अन् दवाखान्यात जाऊन बसली.’

‘हे आधी का नाही सांगितलंत?’

‘कुनी इचारलंच न्हाई. समदी इचारत्यात, इन्सुलिन का सोडलं.’

विद्यार्थिनीनं मग आमचं एक नेहमीचं चित्र काढलं. त्याला इकोमॅप म्हणतात. अ‍ॅन हार्टमन या अमेरिकन प्राध्यापिकेनं १९७० च्या दशकात ही युक्ती काढली. मधोमध एक वर्तुळ, त्यात घर. भोवती छोटी वर्तुळं: नातलग, काम, दवाखाना, शाळा, देऊळ, जे असेल ते. नातं घट्ट असेल तर जाड रेष, तुटकं असेल तर ठिपक्यांची, भांडणाचं असेल तर नागमोडी. मावशींच्या चित्रात सुनेची रेष तुटलेली, दीर गावाकडे, ठिपके. कामाच्या चार घरांपैकी एकाच घराची रेष जाड. रुग्णालय, म्हणजे आम्ही, फिकट ठिपके. आणि भिशी? पेन्सिल दाबून दाबून कागद फाटायची वेळ आली. भिशीतल्या बाकीच्या अकराजणींनीच मुलाच्या मयतीला पैसे काढले होते. त्याच नातवाला जेवू घालत होत्या. मूल एकटं नव्हतंच.

आणखी एक गोष्ट त्या चित्रातून निघाली. मावशींना लिहिता येत नाही. भिशीची वही नातू लिहितो. त्याला बालगृहात पाठवलं असतं तर वही बंद, भिशी बंद, आणि मावशींच्या आयुष्यातली सगळ्यात जाड रेष आम्हीच, त्यांच्या भल्यासाठी, खोडून टाकली असती.

माणसाकडे काय नाही याची यादी करणं सोपं असतं, आमचे छापील फॉर्म तर त्यासाठीच बनवल्यासारखे आहेत: उत्पन्न नाही, आधार नाही, शिक्षण नाही. काय आहे, हे विचारायला वेगळा रकाना लागतो. पुस्तकात याला ‘सामर्थ्याचा दृष्टिकोन’ म्हणतात. नाव जरा पोवाड्यासारखं आहे, पण काम साधं: ही बाई इतकी वर्षं कशाच्या जोरावर उभी आहे ते बघा, आणि निदान त्याला धक्का लावू नका.

अमेरिकेत हॉस्पिटलमधल्या समाजकार्याचा जन्मच अशा एका फजितीतून झालाय. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट नावाचे डॉक्टर होते. बाह्यरुग्ण विभागात ते विश्रांती, सकस आहार, हवापालट असं लिहून देत, आणि ज्यांना लिहून देत त्यांना त्यातलं एकही परवडण्यासारखं नसे. औषध बरोबर, पण ते ज्या घरात जाणार त्या घराचा पत्ताच नाही. १९०५ मध्ये त्यांनी त्या कामासाठी वेगळी माणसं नेमली. आपल्याकडे अशी पहिली नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. आजही मधुमेहाच्या ओपीडीत ‘इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा’ असं सांगतात. मावशींकडे फ्रिज नाही. ओल्या मातीच्या भांड्यात, थंड जागी ठेवलं तरी उन्हाळ्यात बराच बचाव होतो, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पण आधी घरात फ्रिज आहे का, ते विचारावं लागतं.

गुपित कुठपर्यंत

गोपनीयतेबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो, आणि नव्या विद्यार्थ्यांचाही. पेशंट रडत म्हणतो, ‘कुणाला सांगू नका,’ आणि आपण भरल्या गळ्यानं म्हणतो, ‘नाही सांगणार.’ असं वचन द्यायचं नसतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं, म्हणजे २०१२ च्या, ते पोलिसांना कळवणं कुणावरही बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुणी स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव घ्यायला निघालं असेल तरी गप्प बसता येत नाही. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच सांगायचं: तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला किंवा लहान मुलाला धोका असेल तर मला पुढे सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुम्हाला तसं सांगेन. ऐकायला कोरडं वाटतं. पण मागाहून वचन मोडण्यापेक्षा बरं.

बाकीचं मात्र खरोखर आपल्यापाशी राहिलं पाहिजे. मावशींची दोन बोटं काढावी लागणार हे त्यांनी भिशीच्या बायकांना सांगितलं नव्हतं. ‘बोटं गेली म्हनल्यावर काम देत न्हाईत, अन् बातमी फुटती,’ असं त्यांचं म्हणणं. भेटीच्या वेळी आलेल्या एका शेजारणीशी माझी विद्यार्थिनी छान गप्पा मारत होती आणि ‘ऑपरेशननंतर’ एवढा शब्द तोंडातून निसटला. शेजारणीनं लगेच विचारलं, ‘कसलं ऑपरेशन?’ पोरगी सटपटली. मी ड्रेसिंगचं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर तिनं मावशींना स्वतःहून जाऊन सांगितलं की माझ्याकडून असं झालं. मावशी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

भावना आवरण्याबद्दलही एक सांगते. आमच्या पुस्तकात त्याला ‘नियंत्रित भावनिक सहभाग’ असं अगडबंब नाव आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पेशंटच्या मुलाला मी खिशातून पाचशे रुपये दिले. गावी जायला एसटीचे पैसे नव्हते. फार बरं वाटलं, मला. तो मुलगा पुढच्या तपासणीला वडिलांना घेऊन आलाच नाही. महिन्यानं फोन लावला तर म्हणाला, ‘मॅडम, तुमचे पैसे जमले नव्हते म्हणून आलो नाही.’ मी पैसे परत मागितले नव्हते. पण घेणाऱ्याच्या डोक्यावर ते बसतात. तेव्हापासून मी निधीतून मिळवून देते, पावतीसह. पावती असली की उपकार राहत नाही.

हा निधी म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण पुण्यात राहून लोकांना हे माहीत नसतं. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर ही योजना सध्याच्या रूपात आली. बिलांच्या रकमेतले दोन टक्के बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी तयार होतो. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. कागदावर सगळं आहे. आमचं निम्मं आयुष्य त्या कागदात जातं: रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, तहसीलदारांचा दाखला मागच्या वर्षीचा. मावशींचं आधारवर सासरचं आडनाव होतं आणि रेशनकार्डावर नवऱ्याचं नावच चुकलेलं. समाजकार्याच्या व्याख्येत न्याय, मानवी हक्क, सक्षमीकरण असे मोठे शब्द आहेत, आणि ते खरेही आहेत. पण सोमवारी सकाळी ते एका झेरॉक्सच्या रूपात येतात.

नातवासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. आईवडील सांभाळू शकत नसतील अशा मुलाला घरातच वाढवायला राज्य सरकार दरमहा २,२५० रुपये देतं. बालकल्याण समितीची मंजुरी लागते. लागायचा तो वेळ लागला.

एक माणूस, बारा बायका, अख्खं शहर

आतापर्यंत सांगितलं ते व्यक्तिसहाय्य, आमच्या बोलीत केसवर्क. अभ्यासक्रमात याशिवाय गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती अशा पद्धती असतात. गटकार्य म्हणजे दहा माणसं गोळा करून भाषण देणं नव्हे, हे सांगता सांगता माझी वर्षं गेली. व्यसनमुक्तीत जुना व्यसनी नव्याला जे सांगू शकतो ते डॉक्टर सांगू शकत नाही; गटकार्य करणाऱ्यानं फक्त ते दोघं एका खोलीत येतील आणि तिसरा मधे बोलणार नाही एवढं बघायचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये ते बघायला मिळतं.

समुदाय संघटनाचं पुण्यातलं उदाहरण तर तुमच्या दारात रोज सकाळी येतं. १९९० च्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचक बायकांमध्ये शिक्षणाचं काम करायला गेल्या. तिथे त्यांच्या लक्षात आलं की बायका उकिरड्यात हात घालतात तोवर पाटी-पेन्सिल दूरच; आधी कचरा घरातूनच ओला-सुका वेगळा मिळाला तर काम स्वच्छ होईल, कमाई वाढेल. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीचा अनुभव पाठीशी होता. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. या बायका भिकारी नाहीत, चोर नाहीत, कामगार आहेत, ही ओळख मिळवण्यापासून लढा सुरू झाला. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. शिकवायला गेलेल्यांनी शिकवणं बाजूला ठेवलं, तिथून हे सगळं झालं. तेव्हा त्यांनी ‘बायकांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही’ असा अहवाल लिहिला असता तरी कुणी हरकत घेतली नसती.

सामाजिक कृतीबद्दल मी फार बोलणार नाही; मोर्चात मी शेवटच्या रांगेत असते. प्रशासन आणि संशोधन ज्यांना आवडतं त्यांनाच आवडतं.

मग फ्लेक्सवरचा तो गॉगलवाला आणि आम्ही यांत कायद्यानं फरक काय? फारसा नाही. डॉक्टर, वकील, नर्स यांची नोंदणी करणारी परिषद असते, नियम मोडला तर नाव काढून टाकते. २०२१ च्या एका केंद्रीय कायद्यानं वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांना आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांच्या यादीत घेतलं खरं, पण एकूण समाजकार्यासाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद देशात नाही. तेव्हा त्याचा फ्लेक्स कुणी उतरवू शकत नाही. आमच्यावर लक्ष ठेवते ती आमची वही आणि सुपरवायझर.

ती वही, म्हणजे रेकॉर्डिंग, हा विद्यार्थ्यांना सगळ्यात नकोसा भाग. भेटीत काय घडलं ते सगळं लिहायचं, आपलं वाक्यही. माझ्या विद्यार्थिनीच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये होतं: ‘मावशी रडल्या. मी त्यांना धीर दिला.’ मी लाल पेनानं विचारलं, कसा दिलास? काय म्हणालीस? तिनं आठवून लिहिलं: ‘मी म्हणाले, काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ त्यापुढे मी लिहिलं: तुला कसं माहीत? ती रागावली होती त्या दिवशी. दोन महिन्यांनंतरचं तिचं एक रेकॉर्डिंग माझ्याजवळ आहे, त्यात एक ओळ अशी: ‘मावशींनी विचारलं, बोटं काढली तर चपला बसतील का? मला उत्तर माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि डॉक्टरांना विचारून येते म्हणाले.’

भिशीचं काय झालं ते राहिलंच. आम्ही मावशींसमोर तीन वाटा ठेवल्या: एका दिवसाची सुटी मागू, वही दुसरीकडे सोपवू, किंवा भिशी इथेच काढू. चौथी वाट, निघून जायची, तीही होतीच, ती त्यांनी दोनदा वापरली होती. सुटी डॉक्टरांनी नाकारली. वही सोपवायला मावशी तयार नव्हत्या. राहिली तिसरी. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘बारा बायका वॉर्डात? इथे काय हळदीकुंकू आहे?’ त्यांचं बरोबर होतं. शेवटी भेटीच्या वेळात, चार ते सहा, आवारातल्या कडुलिंबाच्या पारापाशी ठरलं.

दहा तारखेला सव्वाचारला बायका आल्या. व्हीलचेअरवर मावशी, पायावर चादर. मांडीवर डबा, त्यात चिठ्ठ्या. नातू शाळेच्या गणवेशातच पाराच्या कडेला बसून वहीत नावांपुढे टिका करत होता. एकीचे दोनशे कमी होते, त्यावरून पाच मिनिटं चांगलीच जुंपली आणि मावशींनी व्हीलचेअरवरून ती मिटवली. ‘ऐकत नाही’ असा शिक्का बसलेल्या या बाईचं अकरा बायका ऐकत होत्या. चिठ्ठी वॉर्डातल्या आयाच्या छोट्या मुलीनं काढली.

बोटं वाचली नाहीत. दोन काढावी लागली, पाय मात्र राहिला. मावशी पुरे तेरा दिवस राहिल्या. कामाच्या चार घरांपैकी दोन घरांनी तोवर दुसरी बाई ठेवली होती. विद्यार्थिनी चिडली, मी त्यांच्याशी बोलते म्हणाली. मावशी म्हणाल्या, ‘नगं. पुन्यात घरं लई हायेत, तू बोललीस तर सोसायटीत नाव खराब हुईल.’ पोरीला ते पटलं नाही, मलाही पुरतं पटलेलं नाही. पण आम्ही बोललो नाही.

डिस्चार्ज कार्डावर पुढच्या ड्रेसिंगची तारीख पडली होती दहा. मावशींनी कार्ड नातवाकडून वाचून घेतलं आणि न बोलता विद्यार्थिनीपुढे धरलं. ती ओपीडीत जाऊन अकरा करून घेऊन आली.